‘मोर चादर हुबळी’ शोधल्यावर आधी काय दिसावं?

सकाळी अकराच्या सुमाराला हुबळीच्या पार्टीचा फोन आला. मागच्या खेपेला नेली तीच मोराची चादर, तेच रंग, सुताचा तोच काउंट, दोनशे नग, आणि दर तेवढा जुनाच लावा. शेठ फोनवर ‘हो हो, काढतो’ म्हणत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या आमच्या चादरींच्या कारखान्यात बिलं, पत्रं, कोटेशन, डिझाइनच्या नोंदी सगळं आता संगणकावर आहे आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. मी शोधाच्या चौकटीत ‘मोर चादर हुबळी’ असं टाइप केलं. सगळ्यात वर आलं आमचं नव्वद पानी दरपत्रक. त्याच्याखाली त्याचीच गेल्या वर्षीची प्रत, मग ट्रान्सपोर्टचा तक्ता. ज्या एक पानी पत्रात मागची ऑर्डर पक्की झाली होती, ते खाली खाली सरकवत गेलं तरी दिसेना.

तेवढ्यात दिवाणजी काकांनी मागच्या कपाटातून निळी फाइल काढली आणि त्याच पत्राची छापील प्रत शेठच्या हातात ठेवली. “हुबळी म्हणजे निळी फाइल. मोर दिवाळीच्या आधी गेला होता, म्हणजे मधल्या गठ्ठ्यात असणार की,” एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

काकांनी केलं ते नेमकं काय? ‘चादर’ या शब्दाकडे त्यांनी लक्षच दिलं नाही, कारण कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर चादर आहेच. त्यांनी ‘हुबळी’ आणि ‘मोर’ हे दोन शब्द धरले. दरपत्रक त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यात सगळंच असतं. पत्र कधीचं, तेही त्यांना आठवलं. शोधयंत्रं गेली साठ-सत्तर वर्षं जे शिकत आली आहेत, ते हेच आहे. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले, आणि जे कळलं ते आपल्या कामाच्या भाषेत मांडावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. शोधण्यात दोन कामं असतात. पहिलं, शब्द कुठल्या कुठल्या फायलींत आहे ते काढणं. दुसरं, त्या फायलींना क्रम लावणं. पहिल्या कामासाठी संगणक दर वेळी सगळ्या फायली उघडून वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी सूची तो आधीच करून ठेवतो: ‘मोर’ या फायलींत, ‘हुबळी’ त्या फायलींत. फाइल बदलली की सूचीतली नोंद बदलते. म्हणून उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं.

काही साधनं पहिल्याच कामावर थांबतात. युनिक्स या संगणकप्रणालीत १९७३ साली आलेला ‘ग्रेप’ हा आदेश फायली ज्या क्रमाने वाचतो, त्याच क्रमाने ओळी दाखवतो. विंडोजवरचं ‘एव्हरीथिंग’ हे साधन मुख्यतः फायलींच्या नावात शोधतं आणि यादी नावाच्या क्रमाने मांडतं. फाइलचं नाव पाठ असेल तर याच्याइतकं उपयोगी काही नाही, आणि मी ते रोज वापरते. पण नाव आठवत नसेल, आतला मजकूर अर्धवट आठवत असेल, तेव्हा कुणीतरी अंदाज करून ‘हीच असेल बहुतेक’ असं सांगावं लागतं. क्रम लावणं म्हणजे हा अंदाज. संगणकाला आपल्या मनातलं कळत नाही. त्याच्याकडे चार-दोन पुरावे असतात आणि त्यांची बेरीज असते.

ही बेरीज आमच्याच उदाहरणावर करून बघू. हिशोबाला सोपं जावं म्हणून धरू की कार्यालयात दहा हजार फायली आहेत. ‘चादर’ आठ हजार फायलींत आहे, ‘हुबळी’ शंभर फायलींत आणि ‘मोर’ फक्त चाळीस फायलींत. आता दोन उमेदवार घेऊ. दरपत्रकात ‘चादर’ तीनशे वेळा, ‘हुबळी’ एकदा (वाहतुकीच्या कोष्टकात) आणि ‘मोर’ एकदा. पत्रात ‘चादर’ एकदा, ‘हुबळी’ एकदा आणि ‘मोर’ दोनदा.

सगळ्यात सोपा विचार असा: शब्द जितक्या वेळा आला, तितकी फाइल त्या विषयाची. आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५७ साली हाच विचार मांडला, आणि त्या काळात तो मोठाच होता, कारण कागदपत्रांचा विषय माणसाने न वाचता यंत्राने ओळखावा ही कल्पनाच नवी होती. पण आमच्या दोन उमेदवारांचे गुण बघा. दरपत्रक ३०२, पत्र ४. त्या सकाळी माझ्यासमोर जे आलं ते याच जातीचं उत्तर होतं.

पुढचं पाऊल केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली टाकलं. या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच, आणि ती सोलापूरकराला समजावून सांगावी लागू नये. आपल्या पूर्व भागात, अशोक चौकात उभं राहून ‘अण्णा!’ अशी हाक मारा, दहा माणसं वळून बघतील. तेच एखाद्या वेगळ्याच नावाने हाक मारली तर एकच माणूस वळेल. दोन्ही शब्दच आहेत, पण दुसऱ्याने माणूस सापडतो आणि पहिल्याने सापडत नाही. शब्द जितक्या कमी फायलींत, तितकं त्याचं वजन जास्त, हा त्यांचा नियम. हे वजन काढायची साधी रीत अशी: एकूण फायलींना तो शब्द असलेल्या फायलींनी भागायचं आणि उत्तराचा लॉग घ्यायचा, म्हणजे ते उत्तर दहाचा कितवा घात आहे ते बघायचं (शंभरचा २, हजारचा ३). लॉग यासाठी की आकडे आवाक्यात राहावेत. नाहीतर दुर्मिळ शब्द हजारपट वजन घेऊन बाकी सगळ्यांना चिरडून टाकतो.

आमच्या शब्दांची वजनं: ‘चादर’ ०.१, ‘हुबळी’ २, ‘मोर’ २.४. सोलापुरात चादर शोधताना ‘चादर’ हा शब्द जवळपास निरुपयोगी आहे. त्याच कारखान्याने नागपुरात एखादं पुस्तकांचं दुकान काढलं असतं, तर तिथल्या संगणकावर ‘चादर’ हाच सर्वांत वजनदार शब्द ठरला असता. वजन शब्दात नसतं, तुमच्या कपाटात असतं.

आता पुन्हा गुण द्या. दरपत्रकाला ‘चादर’चे तीनशे गुणिले ०.१ म्हणजे ३०, ‘हुबळी’चे २, ‘मोर’चे २.४, एकूण ३४.४. पत्राला ०.१, २ आणि ४.८, एकूण ६.९. फरक खूप कमी झाला, पण दरपत्रक अजून वरच आहे. दुर्मिळतेचा नियम एकटा पुरत नाही, हे मला स्वतः आकडेमोड करेपर्यंत पटलं नव्हतं.

अडचण त्या तीनशेमध्ये आहे. एखाद्या फायलीत ‘चादर’ एकदा आला की तिचा चादरीशी संबंध असल्याचा पुरावा मिळाला. दुसऱ्यांदा आला, पुरावा आणखी पक्का झाला. तीनशेव्यांदा आल्याने नवीन काय कळलं? भाकरीवर शेंगा चटणीची पहिली चिमूट पडते तेव्हा घासाची चव बदलते, चौथ्या चमच्याने तीच चव राहते. लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओकापी नावाच्या शोधप्रणालीवर काम करताना हे सूत्रात बसवलं. १९९४ मध्ये ते ‘बीएम२५’ या नावाने पुढे आलं. ‘बीएम’ म्हणजे बेस्ट मॅच, आणि २५ हा त्यांच्या प्रयोगांमधला क्रमांक. नेहमीच्या मांडणीत शब्द एकदा आला तर १ गुण, दोनदा आला तर १.३८, दहादा आला तर १.९६ आणि शंभरदा आला तरी २.१७. कितीही वेळा आला तरी २.२ च्या वर जात नाही. ही मर्यादा सूत्रातल्या एका आकड्यावर ठरते. तो साधारणपणे १.२ ठेवतात.

ही मर्यादा लावून मोजलं (दुर्मिळतेचं सूत्र बीएम२५ मध्ये थोडं वेगळं आहे, मी वरचंच साधं ठेवलं आहे) तर दरपत्रकाला ४.६ आणि पत्राला ५.४. पहिल्यांदाच पत्र वर आलं.

बीएम२५ इथे थांबत नाही. ते फायलीची लांबीही बघतं. नव्वद पानांच्या दरपत्रकात ‘मोर’ एकदा येणं हा योगायोग असू शकतो, कारण एवढ्या पानांत काहीही एकदा येतंच. एका पानाच्या पत्रात ‘मोर’ दोनदा आला तर पत्र मोराबद्दलच आहे. म्हणून फाइल सरासरीपेक्षा लांब असेल तर तिचे गुण कापायचे, आखूड असेल तर थोडे वाढवायचे. किती कापायचे हे दुसरा एक आकडा ठरवतो. तो शून्य ठेवला तर लांबीचा विचारच होत नाही, एक ठेवला तर पुरेपूर होतो, सहसा ०.७५ ठेवतात. आमच्याकडे फायलींची सरासरी लांबी तीन पानं धरली, तर शेवटचे गुण निघतात: दरपत्रक ०.५४, पत्र ६.९५.

पुन्हा एकदा हे चार निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. ३०२ ला ४. मग ३४.४ ला ६.९. मग ४.६ ला ५.४. आणि शेवटी ०.५४ ला ६.९५. फायली त्याच, शब्द तेच. बदललं ते फक्त पुरावा कसा तोलायचा हे. एवढ्या साध्या सूत्राने हे साधतं याचं मला अजून नवल वाटतं. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं ‘लुसीन’ हे शोधाचं मोफत इंजिन आज असंख्य प्रणालींच्या पोटात चालतं. त्यानेही २०१६ पासून जुनी रीत बाजूला ठेवून बीएम२५ हीच मूळ रीत केली.

मग फायलींसाठी खास असे काही पुरावे आहेत. शब्द नावात आला तर त्याला मजकुरापेक्षा जास्त वजन देतात, कारण नाव कुणीतरी विचार करून ठेवलेलं असतं (निदान ठेवायला हवं). शोधलेले शब्द मजकुरात एकमेकांच्या जवळ असतील तर गुण वाढतात. ‘मोर’ पहिल्या पानावर आणि ‘हुबळी’ ऐंशीव्या पानावर, याला फारसा अर्थ नाही. आणि ताजेपणा: काल उघडलेली फाइल आज पुन्हा लागण्याची शक्यता पाच वर्षांपूर्वीच्या फायलीपेक्षा जास्त असते. किती वेळा उघडली आणि किती अलीकडे उघडली, या दोन्हींचा मिळून एक गुण काढायची रीत फायरफॉक्स या ब्राउझरने २००८ मध्ये पत्त्याच्या पट्टीत आणली. फोल्डर बदलायला वापरतात त्या ‘झोऑक्साइड’ नावाच्या छोट्या साधनाचा हिशोब तर बोटावर मोजता येतो. गेल्या तासाभरात गेला असाल त्या फोल्डरचे गुण चौपट, दिवसभरात गेला असाल तर दुप्पट, आठवड्यात तर निम्मे, त्याहून जुनं असेल तर पाव. काकांचं ‘दिवाळीच्या आधी’ हे यंत्राकडून अजून नीट होत नाही. त्याला नुकतंच काय झालं ते कळतं, कशाच्या आधी झालं ते कळत नाही.

गूगलवर हवं ते लगेच वर येतं, मग आपल्या संगणकावर का येत नाही, असं शेठनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. इंटरनेटवरची पानं एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्या पानाकडे पुष्कळ चांगली पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, हा गूगलचा १९९८ सालचा पेजरँकचा विचार होता. शिवाय लाखो लोक तेच शोधतात आणि कशावर क्लिक करतात त्यावरून यंत्र शिकत राहतं. आमच्या कारखान्यातलं बिल दुसऱ्या बिलाकडे बोट दाखवत नाही, आणि मोराची चादर शोधणारी मी एकटीच. इथे यंत्राला मजकूर, नाव आणि तारीख एवढ्यावरच भागवावं लागतं.

नावातली अर्धवट अक्षरं टाकून फाइल काढायची आणखी एक पद्धत आहे, ती मला फार भावते. समजा फायलीचं नाव ‘हुबळी_चादर_मोर’ आहे. मी फक्त ‘हुमो’ टाइप केलं तरी ती यावी. ‘एफझेडएफ’ नावाचं साधन हे करतं. जुळलेल्या प्रत्येक अक्षराला १६ गुण. मध्ये अक्षरं सुटली तर पहिल्या सुटलेल्या अक्षराला ३ गुण वजा आणि पुढच्या प्रत्येकाला १ वजा. जुळलेलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल तर वर बक्षीस. म्हणून ‘हु’ आणि ‘मो’ दोन्ही आपापल्या शब्दाच्या तोंडाशी असलेली फाइल वर येते. याचं मूळ जीवशास्त्रात आहे. दोन प्रथिनांच्या किंवा डीएनएच्या साखळ्यांमध्ये सारखा भाग कुठे आहे हे शोधायला स्मिथ आणि वॉटरमन यांनी १९८१ मध्ये एक रीत दिली होती, तीच थोडी बदलून इथे वापरली आहे.

इथपर्यंतचं सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं की आता नवं साधन बसवलं, बीएम२५ चालू केलं की काम झालं. ते झालं नाही. कारण हे सगळं शास्त्र इंग्रजी कागदांवर वाढलेलं आहे आणि आमचे कागद मराठीत आहेत. मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढे.

वरच्या हिशोबात मी म्हटलं की पत्रात ‘मोर’ दोनदा आहे. प्रत्यक्षात पत्रात ‘मोर’ एकदाही नाही. तिथे लिहिलं आहे, ‘मोराच्या डिझाइनची चादर’ आणि ‘मोराचे रंग मागच्याप्रमाणे’. आपल्या डोळ्यांना तो मोरच आहे. यंत्राच्या सूचीत ‘मोर’, ‘मोराच्या’ आणि ‘मोराचे’ हे तीन निरनिराळे शब्द आहेत. त्यामुळे पत्राला ‘मोर’चे गुण शून्य. मग ते हुबळीच्या शंभर फायलींत बुडून जातं, आणि दिसलं नाही तर दोष सूत्राचा नाही.

बरं, पूर्ण शब्द न जुळवता नुसती अक्षरं जुळवावीत, म्हणजे ‘मोर’ ही अक्षरं जिथे असतील ती प्रत्येक फाइल आणावी, तर ‘मोराच्या’ सापडतो खरा. पण त्याबरोबर ‘समोर’ही सापडतो. ‘रेल्वे स्टेशनसमोर’, ‘मंदिरासमोर’, ‘शाळेसमोर’. आपल्याकडे पत्त्यात ‘समोर’ नाही अशी पार्टी मिळणं कठीण. एका मोरासाठी हजारो ‘समोर’. तसंच ‘दर’ शोधला की प्रत्येक ‘चादर’ हजर होते, आणि चादरीच्या गावात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको.

यावरचा उपाय म्हणजे शब्दाचं मूळ रूप काढणं. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये अशी रीत दिली, ती शब्दाचं शेपूट नियमाने छाटते. मराठीत शेपूट छाटून भागत नाही, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दच आतून बदलतो. ‘घोडा’चा ‘घोड्याला’ होतो. आपल्या गावाचंच नाव घ्या. ‘सोलापूर’ला ‘आत’ लागलं की ‘सोलापुरात’. ‘त’ आणि काना काढले तरी हातात उरतं ऱ्हस्व ‘पु’चं ‘सोलापुर’, आणि ते सूचीतल्या दीर्घ ‘पू’शी जुळत नाही. म्हणून मराठीसाठी छाटणीबरोबर ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचे नियमही लागतात. ते ज्या साधनात नाहीत त्यात ‘सोलापूर’ शोधणाऱ्याला ‘सोलापुरात’ लिहिलेली पत्रं मिळत नाहीत, आणि ती मिळाली नाहीत हे त्याला कळतही नाही. हे मला सर्वांत घातक वाटतं. चुकीचा क्रम डोळ्यांना दिसतो. सूचीत न आलेली फाइल मुळी नव्हतीच असं वाटतं.

त्याच्याही खाली एक पायरी आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे यंत्राने आधी ठरवावं लागतं. इंग्रजीत अक्षरं आणि आकडे म्हणजे शब्द, बाकी सगळं म्हणजे सीमा, एवढ्यावर भागतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आपला काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडायची खूण ही ‘अक्षरं’ या गटात नाहीत, ‘जोडखुणा’ या वेगळ्या गटात आहेत. पुष्कळ मोबाइल अॅपच्या आत ‘एसक्यूलाइट’ हे माहिती साठवायचं छोटं साधन असतं. त्याच्या मजकूर-शोधाच्या पाचव्या आवृत्तीत मूळ मांडणीत अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग धरतात. मग ‘चादर’चं काय होतं? ‘च’, मग काना म्हणजे सीमा, मग ‘दर’. चादरीचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा अगदी खरा, अर्थाचा शब्द असतो. मांडणीत जोडखुणांचे गट जोडून दिले की हे सुधारतं. ती एका ओळीची दुरुस्ती आहे. पण ती करायची असते हे मराठीत काम करणाऱ्यालाच सुचणार.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘व्यापाऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, पाय मोडायची खूण आणि अक्षरं जोडणारी एक न दिसणारी खूण असते. पडद्यावर, कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. आमच्याकडे एका संगणकावर एक कीबोर्ड होता, दुसऱ्यावर दुसरा, आणि निम्मी ‘व्यापाऱ्यांना’ पत्रं शोधात कधीच येत नव्हती. आता सूची करायच्या आधी सगळे ‘ऱ्या’ एका रूपात आणते. एवढ्याने खूप फरक पडला.

आणि सगळ्यात तळाशी जुन्या फाँटचे कागद. कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटमध्ये वर्षानुवर्षं पत्रं टाइप झाली. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण फायलीच्या आत असतात रोमन अक्षरं: एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. यंत्र तेच वाचतं. अशा फायलींसाठी जगातलं कुठलंही सूत्र कामाचं नाही, त्यांचं आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं. स्कॅन केलेल्या कागदांचंही तसंच. ती चित्रं असतात. त्यातून अक्षरं काढायला ‘टेसरॅक्ट’ हे मोफत साधन आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. शिक्का अक्षरांवर पडला असेल तर चुका होतात, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरं.

अलीकडे शब्द न जुळवता अर्थ जुळवायची पद्धत आली आहे. लाखो वाक्यं वाचून यंत्र प्रत्येक शब्दाला शेकडो आकड्यांची एक जागा देतं. ज्या शब्दांची संगत सारखी, त्यांच्या जागा जवळजवळ. गूगलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलेल्या ‘वर्डटूव्हेक’पासून ही रीत फार पसरली. ‘पांघरूण’ शोधलं तर ‘चादर’ असलेली फाइल यावी, हे यामुळे शक्य होतं. पण बिल क्रमांक हवा असेल तर अर्थ कामाला येत नाही, तिथे अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. म्हणून दोन्ही याद्या काढून एकत्र करतात. त्याची २००९ मध्ये मांडलेली एक सोपी रीत आहे. फाइल यादीत ज्या क्रमांकावर असेल त्यात ६० मिळवायचे, एकाला त्या बेरजेने भागायचं, आणि दोन्ही याद्यांतले गुण जोडायचे. एक फाइल एका यादीत पहिली आणि दुसरीत चाळिसावी असेल तर तिला ०.०२६४ मिळतात. दुसरी फाइल पाचवी आणि सहावी असेल तर तिला ०.०३०५. म्हणजे दोघांनाही बरी वाटलेली फाइल वर जाते. दोन जाणत्यांचं मत घ्यायचं असेल तर आपणही असंच करतो.

आपण केलेली मांडणी चांगली झाली की नाही, हे कसं कळावं? १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या विमानशास्त्र महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हर्डन यांनी याची रीत घालून दिली. प्रश्न आधी ठरवायचे, प्रत्येकाची बरोबर उत्तरं माणसांकडून ठरवून घ्यायची आणि मग यंत्राला तपासायचं. आणलेल्यांपैकी किती बरोबर, आणि बरोबर असलेल्यांपैकी किती आणले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘समोर’सकट सगळं आणलं तर दुसऱ्यात पैकीच्या पैकी आणि पहिल्यात नापास. मी वहीच्या एका पानावर नेहमी लागणारे शोध लिहून काढले. प्रत्येकाचं बरोबर उत्तर दिवाणजी काकांना विचारून समोर मांडलं. साधनात काही बदल केला की ते पान पुन्हा चालवते आणि हवी ती फाइल कितव्या क्रमांकावर आली ते लिहिते. कुठल्याही कार्यालयात हे एका दुपारचं काम आहे, आणि कुणाच्या जाहिरातीवर विसंबण्यापेक्षा शंभर पटींनी भरवशाचं आहे.

समानार्थी शब्दांची यादीही काकांनीच सांगितली. यंत्राला सांगून ठेवता येतं की हा शब्द आणि तो शब्द एकच समज. २०१४ मध्ये कर्नाटकातल्या शहरांची नावं बदलली, तेव्हापासूनच्या काही पत्रांत ‘हुब्बळ्ळी’ आहे, आधीच्यांत ‘हुबळी’. विजापूरचं विजयपूर झालं. “आणि नॅपकिनला आपले जुने लोक पंचा लिहायचे, तेही लाव,” काका म्हणाले. मी लिहून घेत गेले.

जुन्या फाँटच्या फायली मी रोज दुपारी थोड्या थोड्या बदलून घेते. परवा त्यांत हुबळीच्या पार्टीला गेलेल्या पहिल्या ऑर्डरचं पत्र निघालं. उघडून बघितलं तर त्यात मोर नव्हता. मी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पत्र वाचलं आणि म्हणाले, “तेव्हा मोठे शेठ मयूर म्हणायचे.”

यादीत ‘मोर’च्या शेजारी मी ‘मयूर’ लिहिलं आणि सूची पुन्हा करायला लावली.